एकोणीस कुंड्यांचा उन्हाळा

१४ जून, शनिवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. बाहेर आत्ताच चौतीस डिग्री आहे आणि मी बाल्कनीच्या काचेच्या दाराशी जुनं वर्तमानपत्र पसरून साल निवडते आहे. तांदूळ निवडावेत तशी. पाइनच्या झाडाची ही साल काल दुपारपासून बादलीत भिजत होती. अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे एका बाजूला, नखाएवढे दुसऱ्या बाजूला, आणि बोटांना चिकटणारा भुगा सरळ कचऱ्यात. भुग्याची दया करायची नाही. तो कुंडीतली हवा बंद करतो आणि मग आपण वरून पानं बघत, काय झालं असेल बाई, असं म्हणत बसतो.

जून उतरणीला लागला की इथे आखातात आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या इमारतीत लिफ्ट पटकन यायला लागते. शाळा मिटतात, लोक पुण्या-मुंबईला निघतात आणि जाताना घराची किल्ली आणि तुळस माझ्याकडे ठेवून जातात. मी जात नाही. मला सुट्टी डिसेंबरात बरी पडते. इथला उन्हाळा सोसवत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण लोकांच्या लक्षात पावसाळा राहतो, आंब्याचे दिवस राहतात, तसा माझ्या लक्षात राहिला तो हाच उन्हाळा. गाडीचं स्टिअरिंग हातरुमाल गुंडाळून धरायचं. इमारतीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ जमायची आणि चार पावलं आंधळ्यासारखी टाकायची. धुळीने पिवळी पडलेली दुपार. यात सुंदर काही नाही. पण तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी याच घरात एकोणीस ऑर्किडांशी झुंजले, आणि तेव्हापासून जून आला की माझे हात आपोआप साल शोधायला लागतात.

तर त्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या कंपनीचा एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता. मी रंगांच्या कंपनीत आहे, लॅबमध्ये. सॅम्पल नापास झालं की का झालं ते शोधायचं, हे माझं वीस वर्षांचं काम. भाषणं चालू होती म्हणून मी बाहेर पडले, बाथरूम शोधता शोधता चुकून नोकरांच्या मार्गिकेत शिरले. तिथे हाउसकीपिंगच्या गणवेशातली एक बाई ट्रॉली ढकलत फोनवर बोलत होती. "अगं बाय, गुडघा काय माझं ऐकतो का? त्याला सांगितलं, दीड वर्ष थांब, माझ्या लेकीचं नर्सिंग होऊ दे, मग काय दुखायचं ते दुख." ट्रॉलीवर पांढऱ्या कुंड्यांमधली ऑर्किडं होती. रुंद हिरवी पानं, आणि वर नुसते वाळके दांडे.

मी मराठीत विचारलं, "कुठे नेताय ही?"

ती दचकली, मग हसली. "कचऱ्यात. फुलं गळली ना."

"झाडं तर जिवंत आहेत."

"ते तुम्ही आमच्या सुपरवायझरला सांगा, मॅडम."

ही फिलोमिना. वसईची, माझ्याच वयाची, म्हणजे पन्नाशीला एक कमी. नवरा गेलेला, मुलगी वसईत आजीकडे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फिलोमिना इंटरनॅशनल सिटीत सहा बायकांच्या खोलीत एका पलंगावर राहत होती आणि रोज चौदा खोल्या वाकून आवरत होती. गुडघे संपले होते. सुपरवायझरने सांगितलं होतं, खोल्या जमत नसतील तर सप्टेंबरअखेर व्हिसा रद्द. त्यावर तिने फुलांच्या खोलीतलं काम मागितलं. तिथे उभ्याने काम असतं, वाकायचं नसतं. वसईच्या वाडीत वाढलेली बाई, बापाची पानवेल आणि सोनचाफा बघत मोठी झालेली. सुपरवायझर हसला होता आणि म्हणाला होता, "फिलो, ऑर्किड इधर दुबारा नहीं आता. फूल गिरा, खलास. तू ला के दिखा. सीझन का ऑर्डर जाने से पहले दस पौधे पे दांडा दिखा, मैं खुद तेरा पेपर साइन करूंगा."

त्याने हे गमतीत म्हटलं होतं. तिने ते खरं धरलं होतं. फक्त सहा बायकांच्या, एकच खिडकी असलेल्या खोलीत तिला कुंड्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून हे बोलणं झाल्याच्या तिसऱ्या दिवशीही ती त्यांना कचऱ्याकडेच नेत होती.

मला "होत नाही" हे वाक्य आवडत नाही. लॅबमध्ये ते म्हणणाऱ्याला मी विचारते, कितीदा करून बघितलं? बहुतेक वेळा उत्तर शून्य असतं. मी फिलोमिनाला माझ्या गाडीचा नंबर सांगितला. त्या संध्याकाळी विवेक, म्हणजे माझा नवरा, दार उघडून बघतो तर मी, एक अनोळखी बाई आणि एकोणीस कुंड्या.

"हे काय?" तो म्हणाला.

"सप्टेंबरपर्यंत," मी म्हणाले.

आमची सानिका तेव्हा सतरा वर्षांची. तिने खोलीतून डोकं बाहेर काढून बघितलं. "आई, सीरियसली? नॉट इन माय बाथरूम, प्लीज."

आता माझी चूक सांगते. ऑर्किडवर लिहिणारे लोक आपल्या चुका फार नाजूकपणे सांगतात. मी सरळ सांगते: मी सात झाडं मारली.

हॉटेलची झाडं तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंड्यांत, ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळ्यात, ठासून भरलेली होती. तशी ठेवण्यात अर्थ नव्हता, हे खरं. फिलोमिना म्हणाली, "आमच्या वाडीत आंब्याच्या खोडावर आमरी असते ना, याच जातीची, तिला कोण माती घालतं? ती आपली सालीला धरून बसते." मी तिचं ऐकलं नाही. कुंडी म्हटली की माती, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं. तुळशीसाठी, मोगऱ्यासाठी मी जे कालवते तेच कालवलं, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी लाल माती, आणि एका सुट्टीत एकोणीसच्या एकोणीस झाडं त्यात लावून टाकली. वर पाणी घालून, कुंड्या ओळीत मांडून, हात झटकून फोटो काढला. फोटोत ती फार छान दिसत होती.

मग रोज सकाळी आंघोळ, देवाला दिवा, तुळशीला पाणी आणि त्याच ओघात एकोणिसांना पाणी. दहाव्या दिवशी पानं मऊ पडली. सुरकुतली. वयस्कर माणसाच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली की जशी राहते, तशी. मी म्हटलं, तहान लागली. पाणी वाढवलं.

त्यात आणखी एक भर. इथे उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ गरम असतो. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, हात भाजतो. इथे राहणारा प्रत्येकजण मे महिन्यात गीझर बंद करतो आणि गरम नळाने आंघोळ करतो, कारण गीझरच्या घरातल्या टाकीत उभं राहिलेलं पाणीच तेवढं गार असतं. नवीन आलेल्या पाहुण्यांना हे समजावताना आम्हाला हसू येतं. मी हे अठरा वर्षं करते आहे. पण झाडांची झारी प्लास्टिकची, ती मी जवळच्या बाल्कनीतल्या नळावर भरत होते, आणि पाण्यात एकदाही बोट घातलं नव्हतं. आंघोळीचं पाणी मी बघून घेत होते आणि झाडांना चहा पाजत होते.

पंधराव्या दिवशी एका झाडाचं मधलं कोवळं पान हातात आलं. ओढलं नव्हतं, नुसतं धरलं होतं. बुडाशी तपकिरी, ओलं, आणि वास. बटाटा पोत्यात सडतो तो वास. तेव्हा कुठे मी कुंडी उलटी केली.

लॅबमध्ये एखाद्या नव्या मुलाने एकाच वेळी दोन गोष्टी बदलून सॅम्पल बिघडवलं असतं तर मी त्याला अर्धा तास उभं करून बोलले असते. मी तीन बदलल्या होत्या: माती, पाण्याची वेळ, पाण्याची उष्णता. मुळं भिजलेल्या शेवयांसारखी झाली होती. बोटात धरून ओढली की वरची साल निसटून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. झाड तहानलेलं दिसत होतं ते खरंच तहानलेलं होतं, पण पाणी पिणारं तोंडच सडलं होतं. वर जेवढं पाणी ओतावं तेवढं ते आणखी तहानेने मरत होतं.

शनिवारी फिलोमिना बसने आली. दारात चपला काढतानाच तिला वर्तमानपत्रावर मांडलेली झाडं दिसली. मी आधीच बोलायला लागले. माझंच चुकलं, तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही, आता काय करायचं. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तिने हात वर केला.

"बाय, रडायचं असेल तर नंतर रडा. आधी सुरी द्या."

त्या दिवसापासून तिने मला मॅडम म्हणणं बंद केलं.

सुरी गॅसवर तापवायची, गार करायची, कापायचं. प्रत्येक झाडानंतर पुन्हा तापवायची, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला जातो. मऊ, पोकळ, तपकिरी सगळं कापून टाकायचं. कडक, चंदेरी किंवा हिरवं ते राखायचं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड. ही फिलोमिनाची कल्पना नव्हे, माझीही नव्हे, कुठेतरी वाचलेली. दालचिनी जखम कोरडी ठेवते आणि बुरशीला तिचं वावडं आहे. त्या दिवशी घरभर मसालेभाताचा आणि सडक्या मुळांचा एकत्र वास होता. विवेक दुपारी जेवण बाहेरून मागवू या म्हणाला. सात झाडांना एकही मूळ उरलं नव्हतं. ती फिलोमिनाने एका काळ्या पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाली, "बारा आहेत. दहा पाहिजेत. दोन जास्तच आहेत की."

मग साल आणायला वरसानच्या नर्सरी बाजारात गेलो. दुकानदार लगेच पुढे. "मॅडम, ये लो, स्पेशल ऑर्किड सॉइल, इम्पोर्टेड." मी पिशवीला भोक पाडून बघितलं. आत कोकोपीटचा भुसा. "भैया, ये तो पाउडर है. छाल दिखाओ." तो म्हणाला, सगळे हेच नेतात. मी म्हटलं, सगळ्यांची झाडं कशी आहेत? तो हसला आणि आतून खरी साल काढून आणली. पस्तीस दिरहम. "साडेसातशे रुपये," विवेक मोठ्याने म्हणाला, "झाडाच्या सालीला!" फिलोमिना त्याच्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, माती स्वस्त होती. सात झाडांना पडली."

त्या महिन्यात मी जे शिकले ते आजही कुणी विचारलं तर एका दमात सांगते. एसीच्या घरात हवा कोरडी, म्हणून नुसती मोठी साल दोन दिवसांत खडखडीत होते. लहान-मोठी मिसळायची आणि वर चिमूटभर मॉस. नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, पण तीन दिवस पाणी बदलत भिजवायचे, त्यांच्यात मीठ असतं. पाणी चहासारखं निघायचं थांबलं की समजायचं झाले. कोळसा घालायचा तो साध्या लाकडाचा. शिशावाल्यांचा, म्हणजे हुक्क्याचा, झटपट पेटणारा नाही, त्याला औषध लावलेलं असतं. तळाला खापऱ्या. आमच्याकडे दिवाळीच्या फुटक्या पणत्या एका डब्यात होत्या, त्या कामी आल्या. आणि कुंडी पारदर्शक. आम्ही मिठाईचे प्लास्टिकचे डबे घेतले, सळई तापवून भोकं पाडली. फिलोमिनाला ते फार पटलं. "आता लपवू दे काय लपवायचं ते," ती म्हणाली.

पानांवर माझा तेव्हापासून राग आहे. पानं खोटं सांगत नाहीत, पण अर्धवट सांगतात, आणि ते जास्त वाईट. सुरकुतलं पान म्हणजे पाणी कमी किंवा पाणी जास्त. पिवळं पान सगळ्यात खालचं असेल तर म्हातारपण, गळू द्यावं. मधलं असेल तर संकट. पश्चिमेच्या खिडकीकडच्या बाजूला पांढरा, कागदासारखा डाग पडला तर ते ऊन. काळा, ओला, रोज वाढणारा डाग असेल तर विचार न करता कापा. पानाच्या बेचक्यात कापूस दिसला तर तो कापूस नाही, पिठ्या ढेकूण आहे. कानातली काडी स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. आणि पानं जर फार सुंदर, गर्द, काळपट हिरवी असतील तर खूश होऊ नका. उजेड कमी पडतोय, ते झाड फुलणार नाही. लोक मला पानांचे फोटो पाठवतात, "ताई, हे बघा ना काय झालंय." मी लिहिते, मुळांचा फोटो पाठवा. मग फोन तासभर गप्प. झाड कुंडीतून काढून बघायचं कुणाला नको असतं. माझ्या अनुभवात हे फक्त झाडांपुरतं नाही, पण तो विषय वेगळा.

जुलैत दुसरी अडचण. झाड जगवणं निराळं आणि त्याला दांडा आणणं निराळं. या ऑर्किडांना रात्रीचा गारवा लागतो, महिना-दीड महिना, दिवसापेक्षा पाच-सहा डिग्री कमी. फिलोमिनाचा सुपरवायझर म्हणत होता तेच, इथे कुठला गारवा? पण मी म्हटलं, या देशात गारवा नाही? मॉलमध्ये स्वेटर घालून जातो आपण. जो एसी आपल्याला सर्दी आणतो तो झाडाला थंडी आणू शकतो. पूर्वेची खिडकी आणि स्वतंत्र एसी असलेली खोली घरात एकच होती, सानिकाची.

"आई, माय रूम इज नॉट अ हॉस्पिटल."

"बरं."

"रात्री एसी एकोणीसवर? आय विल फ्रीझ."

"दोन पांघरुणं देते."

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "ही लेडी... फिलोमिना आंटी. इफ दे डोन्ट ब्लूम, शी गोज बॅक?"

"हो."

"ओके. बट द वन निअर माय लॅपटॉप इज माइन."

मुलांना कशाची दया येईल सांगता येत नाही. मी तिला उपदेश केला असता तर तिने दार लावलं असतं.

ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट होते की बाल्कनीची काच बाहेरून घामाघूम दिसते. फिलोमिना दर शनिवारी यायची, बारा झाडं उजेडात धरून बघायची, दोन कप चहा घ्यायची. गुडघ्याला पट्टा. कधी मुलीचा फोन लावायची आणि मला स्क्रीनवर धरायची, "ही बघ बाय, हिने सात मारली." मुलगी हसायची.

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी सानिका ब्रश तोंडात घेऊनच बाहेर आली. "आई, देअर्स अ लिटल मिटन." मी धावले. नव्या मुळाचं टोक गोल आणि चकचकीत असतं, दांड्याचं चपटं, एका बाजूला अंगठा फुटल्यासारखं, बाळाच्या हातमोज्यासारखं. तो दांडाच होता. लॅपटॉपजवळच्या झाडाचा. मी फिलोमिनाला फोन केला, ती कुठल्यातरी खोलीत चादर बदलत होती. "फक्त एक आहे," मी म्हणाले. ती म्हणाली, "तो दुबारा आला ना? मग झालं. त्याचं एक वाक्य तरी खोटं पडलं."

गणपतीला पाच दांडे होते. आमच्या दीड दिवसाच्या गणपतीला मंडळातल्या बायका येतात. त्यांतल्या एक कविता करणाऱ्या बाई सानिकाच्या खोलीत डोकावून भारावून म्हणाल्या, "आपणही अशीच ना ऑर्किडं? मुळं हवेत, ना इथली ना तिथली." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, "हवेतली मुळं हे त्याच्या निरोगीपणाचं लक्षण आहे. मातीत घातली की सडतात. मोदक घ्या." बाई थोड्या रागावल्या. पण मला खरंच कंटाळा आलाय त्या रडगाण्याचा. मी इथे अठरा वर्षं राहिले, कामाला गेले, मुलगी वाढवली, कर्जं फेडली. कुणी मला उपटून आणलं नव्हतं. ज्या झाडाला जे लागतं ते त्याला द्यावं, त्याच्यावर कविता लादू नयेत.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नऊ दांडे होते. दोन झाडांनी नुसती पानं काढली, सुंदर, गर्द. एक झाड होतं तसंच. मी रोज सकाळी त्या तिघांच्या पानांच्या बेचक्यात बॅटरी मारून बघत होते. फिलोमिनाने आठवण दिल्यामुळे शुक्रवारी सकाळी सुपरवायझर झाडं बघणार होता. दुपारी हॉटेलची नव्या सीझनच्या फुलांची ऑर्डर जाणार होती. गुरुवारी संध्याकाळी फिलोमिना आमच्याकडे आली, टेबलावर नऊ झाडं ओळीने मांडली आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो.

विवेक म्हणाला, "हे बघा, सरळ आहे. वरसानला दांड्यावालं झाड पंचेचाळीस दिरहमला मिळतं. हजार रुपये. बाजार उघडा आहे. यल्ला, चला, अर्ध्या तासात घेऊन येतो. मिठाईच्या डब्यात लावलं की कोण ओळखणार आहे?"

मी विवेकच्या बाजूची होते. हे लिहून ठेवते. एका माणसाने गमतीत लावलेल्या आकड्यासाठी, तेही कचऱ्यातून उचललेल्या झाडांवर, एका बाईने वसईला परत जावं हे मला पटत नव्हतं. मी किल्ली उचललीसुद्धा.

"नको भाऊ," फिलोमिना म्हणाली.

"अहो, तुमच्या मुलीचं वर्ष..."

"तिचंच सांगते. तिला मी फोनवर नऊ सांगितलेत. आणि उद्या काम मिळालं तर ते दहावं झाड रोज माझ्याकडे बघत बसेल. मी त्याला पाणी कशी घालू?"

"फिलोमिना, हे चर्च नाही," मी चिडून म्हणाले. "हा माणूस तुमच्याशी कुठे प्रामाणिक आहे?"

"त्याचं त्याच्यापाशी, बाय." मग तिने पट्टा सैल केला, पाय लांब केला आणि म्हणाली, "तुम्ही सात मारलीत तेव्हा मला फोनवर सांगू शकला असता, हॉटेलचीच झाडं खराब होती म्हणून. मला काय कळलं असतं? पण तुम्ही पेपरवर मांडून ठेवलीत."

सानिका हळूच म्हणाली, "शी हॅज अ पॉइंट, बाबा." विवेकने माझ्या हातातून किल्ली घेऊन खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला "उशीर होईल" एवढाच मेसेज टाकला, गाडीतला एसी दहा मिनिटं आधी चालू केला आणि नऊ कुंड्या मागच्या सीटवर उशांमध्ये रोवल्या. हॉटेलच्या दारात गणवेशातला दरवान पुढे आला. "मॅम, डिलिव्हरी फ्रॉम बॅक साइड." फिलोमिना सवयीने वळली. मी तिचा कोपर धरला. "नॉट डिलिव्हरी," मी त्याला म्हणाले, "सामानाची ट्रॉली आणा." त्याने आणली. त्या हॉटेलातल्या तीन वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच फिलोमिना त्या काचेच्या दारातून आत गेली. लॉबीच्या मधोमध संगमरवरी गोल टेबल होतं, त्यावर रिकामी चांदीची थाळी. आम्ही मिठाईचे नऊ डबे तिथे मांडले.

सुपरवायझर आला. इस्त्रीचा सूट, हातात टॅब. आधी इकडेतिकडे बघितलं, मग डब्यांकडे, मग बोटाने मोजायला लागला.

"नौ," तो म्हणाला. "मैंने दस बोला था, फिलो."

"हां सर. नौ है."

"इन्शाल्ला, सीझन के बाद देखते हैं."

इथल्या माणसाला त्या इन्शाल्लाचा अर्थ सांगावा लागत नाही: होणार नाही. मी तोंड उघडलं, पण फिलोमिनाने माझ्याकडे बघितलंच नाही.

"सीझन के बाद मैं इधर नहीं है, सर. आज बोलो. आपने बोला था, दुबारा नहीं आता. नौ बार आया. दसवां कल मार्केट में पैंतालीस दिरहम में मिल रहा था. झूठ लाना होता तो आज दस होता. आपको फूल के कमरे में कौन चाहिए, दस लाने वाला, या गिन के नौ बोलने वाला?"

तिचा आवाज लॉबीत ऐकू जाईल एवढा होता. रिसेप्शनवरच्या दोन मुली वर बघायला लागल्या. सुपरवायझरने एक झाड उचललं, डब्याच्या पारदर्शक भिंतीतून मुळं बघितली, कडक, हिरवी, पणतीच्या तुकड्यांना धरून बसलेली. ठेवलं. दुसरं उचललं. मग आत गेला. आम्ही उभ्या राहिलो. फिलोमिनाला बसा म्हटलं, ती बसली नाही. पंचवीस मिनिटं. एका पाहुण्याने विचारलं ही झाडं विकायची आहेत का, ती म्हणाली, "नो सर, दे आर वर्किंग हिअर."

तो परत आला तेव्हा हातात कागद होता. "तीन महीना ट्रायल. फिर देखेंगे." कागद टेबलावर ठेवला, पेन पुढे केलं. फिलोमिनाने चष्मा लावला, सगळा कागद वाचला, सावकाश, दोन्ही बाजूंनी, आणि मग सही केली. टेबलावरची एक कळी हलत होती, म्हणून मी वर बघितलं, आणि मला दिसलं की टेबलाच्या बरोबर वर एसीची मोठी जाळी आहे आणि तिचा झोत सरळ कळ्यांवर पडतोय. आठवड्यात सगळ्या गळल्या असत्या. पूर्वेच्या काचेपाशी एक लांब, अरुंद टेबल होतं, त्यावर हॉटेलची माहितीपत्रकं. मी ती गोळा करून सोफ्यावर ठेवली आणि पहिली कुंडी उचलली.

"मॅडम, एक्सक्यूज मी, ये आप क्या कर रही हैं?" सुपरवायझर म्हणाला.

"झाडं हलवतेय," मी मराठीत सांगितलं, आणि दुसरी उचलायला गेले.